रात्रीच्या रागांचा माग काढताना

पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हा ज्यांनी तो ऐकलाय, त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नये. ते ऐकून घेत नाहीत. मीही त्यांच्यातलाच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रमणबागेचं मैदान, भारतीय बैठक, अंगावर शाल, कानटोपी, पिशवीत थर्मास आणि दशम्या. मध्यरात्र उलटली की निम्मा मांडव पेंगायचा. मग कुणीतरी दरबारी रागातला कोमल गंधार असा काही आंदोलित करायचं, की शेजारचे घोरणारे काका डोळे न उघडताच "वाऽ" म्हणायचे. झोपेतही त्यांचा कान जागा असायचा. शेवटच्या सकाळी समारोपाला भीमसेनजी, आणि त्यांच्यानंतर सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका. मग डोळे चोळत घरी.

१९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव आजही थाटात होतो. २०१८पासून तो मुकुंदनगरला गेला. पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्या मैदानावरचे कर्णे बंद झाले आणि रात्र गेली ती गेलीच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गणपतीत डीजेच्या भिंतीशेजारी राहिलेला कुणीच म्हणणार नाही. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, तेवढंच. बाकी मध्यरात्रीचा राग मालकंस नऊच्या आत उरकायचा, आणि पहाटेचा ललत राग ऐकायचा तर दिवाळी पहाटेची वाट बघायची. तर ही रात्र अजून कुठे शिल्लक आहे, ते बघायला मी बाहेर पडू लागलो.

पहिली गाडी मिरजेची. त्यामागे थोडा हिशेब होता. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. म्हणजे पुण्याच्या उत्सवाचं मूळ इथलंच. उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा होते. इथे गायचं म्हणजे खाँसाहेबांपुढे हजेरी लावायची. मोठ्या नावाचा गवईसुद्धा इथे जरा सांभाळून बसतो, असं मला वाटलं. पूर्वी ही सभा उजाडेपर्यंत रंगायची, असं जुने मिरजकर सांगतात. मी गेलो तेव्हा मला ऐकायला मिळाली ती रात्र छोटी होती. पण मिरजेचा दिवस मोठा निघाला.

स्टेशनवरून रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. दुकानाबाहेर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेला गुंजन आणत होते. तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, पुन्हा तार उतरवायची. मला वाटलं, झालं असेल. त्यांना वाटत नव्हतं. मग त्यांनी तारेखाली सुताचा धागा सारला आणि तो केसभर पुढे सरकवला. एकदम तार गुंजायला लागली. नुसता षड्ज लावलेला, पण आतून गंधार ऐकू येत होता. मैफलीत तंबोरे जुळवायला वेळ लागला की आपण घड्याळ बघतो. त्या दिवसानंतर मी बघत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याच घरातल्या कुणाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

पण पुरती रात्र सापडली ती कोलकात्यात. जानेवारीतली डोव्हर लेन संगीत परिषद. सुरुवात १९५२ची, म्हणजे आपल्या सवाईच्या जरा आधीची, आणि बंगाली माणूस ते तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. परिषद नझरूल मंचाच्या बंद सभागृहात होते, त्यामुळे दहाचा नियम आड येत नाही. आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याहून हावड्याला उतरलो तेव्हा कंबर मोडली होती आणि रात्रभर बसायचं होतं.

कोलकात्याची थंडी आपल्या मानाने काहीच नाही, पण आख्खं सभागृह मंकी टोपीत. मध्यंतरात सगळे बाहेर धावतात, मातीच्या भांड्यात चहा, नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे संदेश, आणि नुकत्या झालेल्या वादनावर मोठमोठ्याने भांडण. आपल्याकडे लोक भेळेच्या रांगेत हळू आवाजात कुजबुजतात. तिथे चक्क हातवारे करतात. मला तेच आवडलं. पहाटे तीनच्या सुमाराला सरोदवर मालकंस सुरू झाला. आलापात वादकाने मध्यम स्वरावर इतका वेळ मुक्काम केला, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तबला सुरू झाला तो कितीतरी वेळाने. हाच मालकंस मी पुण्यात रात्री साडेआठलाही ऐकलाय, उत्तम कलाकाराकडून. तेव्हा पार्किंगमधून गाडी कधी काढायची हा विचार डोक्यात होता. तिथे रात्रीच्या त्या वेळेला कुणाला कुठे जायचंच नव्हतं, म्हणून वादकालाही घाई नव्हती. रागाच्या वेळेचं शास्त्र किती खरं किती खोटं हे पंडितांनी ठरवावं. मला विचाराल तर श्रोत्याकडे वेळ असणं हा त्यातला मोठा भाग आहे.

सकाळी रवींद्र सरोवराच्या काठाने चालत मेट्रोकडे गेलो तर तळ्यात पोरं होड्या वल्हवत होती आणि माझ्या पुढे चालणारे दोघे अजून त्या मध्यमावरच भांडत होते.

आता यादीत जालंधर आहे. तिथल्या देवी तलाव मंदिराच्या आवारातला हरवल्लभ संगीत मेळा १८७५पासून चालू आहे आणि विष्णू दिगंबर पलुसकरही तिथे गाऊन आलेत. तो भरतो डिसेंबरच्या अखेरीला, म्हणजे पंजाबातल्या कडाक्याच्या थंडीत. पुण्याहून थेट जायचं तर झेलम एक्सप्रेस जालंधर छावणीला थांबते. तिकीट आधी काढा, नाताळच्या सुट्टीत वेटिंग लागतं. सोबत कोणी येणार असेल तर कळवा, मात्र रात्री अकराला "निघूया का?" विचारणारा नको.