निपाणी ते साखळी, चोर्ला मार्गे: एक गाडी विजेची, एक पेट्रोलची

साडूंकडे पेट्रोलची नेक्सॉन, आमच्याकडे तीच गाडी विजेवरची, ३० युनिटांच्या बॅटरीची. कुठलंही लग्न-बारसं असलं की दोघांचा खर्चावरून वाद ठरलेला. या वेळी गोव्यात साखळीला जायचं निघालं तेव्हा तेच म्हणाले, "भावोजी, दोन्ही गाड्या काढू. एकदाचा निकाल लागू दे." दोन्हीत चार-चार माणसं, एसी चालू, हायवेवर वेग ८०च्या आतबाहेर. संकेश्वर, बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत जाऊन-येऊन साधारण ३१० किलोमीटर.

निकाल आधीच सांगतो. साडूंच्या गाडीला २१ लिटर लागलं, म्हणजे २१०० रुपये. आमचे ६०० झाले. टोल यात धरलेला नाही, कारण तो दोघांना सारखाच. समृद्धीवर आणि अटल सेतूवर ईव्हीला टोल माफ झाल्यापासून आपल्याकडे कर्नाटकातही हिरव्या नंबरप्लेटला सूट असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. हत्तरगीचा नाका राष्ट्रीय महामार्गावर आहे, तिथे फास्टॅगमधून पैसे कापलेच जातात.

खरं त्या ६०० रुपयांवर जाऊ नका, त्यात तीन वेगवेगळे दर मिसळलेत. घरची वीज कर धरून युनिटला ७ रुपयांच्या आसपास. साखळीच्या लॉजवाल्याने मीटर बघून १२ रुपयांनी लावले. येताना बेळगावात फास्ट चार्जरवर १० युनिटं घेतली, ती जीएसटीसकट २१ रुपयांनी. हीच सगळी वीज घरची असती तर ३६० रुपयांत भागलं असतं, आणि सगळी फास्ट चार्जरची असती तर १०८० रुपयांपर्यंत गेलं असतं. म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया ते साडेतीन रुपये, गाडी तीच, रस्ता तोच. त्यामुळे "ईव्हीला किलोमीटरला किती पडतं?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, गाडी रात्री कुठे लावता?

पेट्रोलवाल्यांचं तसं नाही. आम्ही गेलो तेव्हा आपल्याकडे लिटरला १०३च्या आसपास, कोल्हापूरकडे रुपया-दीड जास्त, गोव्यात ९७. साडूंनी येताना घाट चढायच्या आधी खालीच टाकी भरली. लिटरमागे सहा रुपये वाचले म्हणून घरी येईपर्यंत खूश होते. दहा लिटरला साठ रुपये. असो.

घाटाचं मात्र नीट सांगायला पाहिजे. कणकुंबीला चहा घेऊन (मलप्रभेचा उगम इथलाच, वेळ असेल तर बघून घ्या) चोर्ल्यावरून खाली निघालो तेव्हा बॅटरी ३५ टक्के होती. रिजन (उतारावर गाडीचा वेग आवरताना मोटरच बॅटरी भरते ती सोय) सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं, ब्रेकला पाय जवळजवळ लावलाच नाही. घाटाखाली केरीला पोचलो तर आकडा ३८. मागच्या सीटवरून काकी म्हणाल्या, "हे बरं आहे, गाडी चालवून पेट्रोल वाढतंय!" वाढलेलं परतीच्या वेळी व्याजासकट जातं, काकी. चार माणसांसकट सतराशे किलोची गाडी साडेसातशे मीटर वर चढवायची तर नुसत्या त्या उंचीलाच साडेतीन युनिटं लागतात, बॅटरीतून चारेक जातात. साखळी ते चोर्ला जेमतेम तीस किलोमीटर, तेवढ्यात २८ टक्के बॅटरी गेली. पेट्रोलच्या इंजिनाला तेवढ्याच चढाला लिटर-दीड लिटर जास्त लागतं, म्हणजे दीडशे रुपये. आमची चार युनिटं घरच्या दराने अठ्ठावीस रुपयांची. उतारावर पेट्रोलची गाडी गिअरमध्ये असली तर इंधन घेत नाही एवढंच; परत काही देत नाही.

म्हणून लहान बॅटरी असेल तर परतीला साखळीहून १०० टक्के करूनच निघा. जांबोटीच्या पुढे चार्जरच्या भरवशावर राहू नका. चार्जरची ॲपं बेळगावातच उघडून, पैसे भरून ठेवा, जंगलपट्ट्यात मोबाईलची रेंज जाते. लॉज बुक करताना "चार्जिंग आहे का" असं विचारलं तर मोबाईलचं समजून सगळे हो म्हणतात. पंधरा अँपिअरचा सॉकेट पार्किंगपर्यंत पोचतो का आणि अर्थिंग आहे का, असं विचारा. अर्थिंग नसेल तर गाडी चार्ज घेतच नाही. पंधरा अँपिअरवर आमच्या गाडीला सात-आठ तास लागले, रात्रीत झालं.

आता घरच्या विजेचं. आपल्या भागात हे कुणी मोजत नाही. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना) २०० युनिटांपर्यंत बिल शून्य येतं ते ठीक, खरं त्यालाही तुमच्या जुन्या सरासरीवर साधारण १० टक्के एवढीच मर्यादा आहे. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल तुमचं. घराला ११० युनिटं लागत असतील आणि गाडी महिन्याला हजार किलोमीटर फिरत असेल तर तिची १६० धरून २७० होतात. मग आजवर फुकट असलेली ११० युनिटंही बिलात येतात, वर निश्चित आकार. बावीसशेच्या आसपास बिल येईल, आणि ते सगळं गाडीच्या नावावरच मांडायला हवं. तेवढ्याच फिरण्याला पेट्रोल ६८००चं. फायदा आहेच, फक्त शोरूमवाला सांगतो तेवढा नाही. कर्नाटकात ईव्ही चार्जिंगला वेगळा दर आहे, त्याला स्वतंत्र मीटर लागतो. गाडी घ्यायच्या आधी हेस्कॉमच्या (आपल्या भागातली वीज कंपनी) सेक्शन ऑफिसात जाऊन चौकशी करा. मीटर वेगळा झाला तर घराची गृहज्योती हलत नाही.

महिन्याला चार-पाचशे किलोमीटरच फिरणाऱ्यांनी मात्र घाई करू नये. विजेच्या गाडीला आधी जास्त पैसे मोजावे लागतात, ते एवढ्या फिरण्यावर निघायला फार वर्षं जातात. साडूंचं फिरणं तेवढंच आहे, आणि त्यांनी पेट्रोलचीच ठेवावी असं मी त्यांना सांगितलं. रोज निपाणी-बेळगाव करणारा त्यांचा मुलगा मात्र आता कोटेशन घेऊन फिरतोय.