19 फुटांचा संसार

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा आणि चिवड्याचा डबा घेऊन वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला ठाण मांडतो. डेट्रॉइटच्या या रस्त्यावर साठच्या दशकात पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावायची. त्या आठवणीखातर 1995 पासून इथे जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. ढोल-ताशांच्या जागी आठ सिलिंडरांची व्ही-एट इंजिनं. त्यांची घरघर आधी तळपायाला कळते, मग कानाला.

माझा जीव पॉन्टिअ‍ॅक जीटीओवर, तीही 1964 ची. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा वरून, म्हणजे मालक कंपनी जनरल मोटर्सचा, हुकूम होता. पॉन्टिअ‍ॅकच्या पठ्ठ्यांनी 389 चं इंजिन घातलं आणि नवी गाडी न म्हणता 'जादा सोयी'च्या यादीत दाखवलं. सोसायटीच्या मीटिंगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही हुशारी ओळखीची वाटेल.

पण ती माझ्या दारात कधी आली नाही. 1984 साली शिकायला आलो तेव्हा खिशाला परवडली ती 1976 ची ओल्ड्समोबाइल नाइन्टी-एट. 19 फुटांहून लांब, दोन टनांहून जड, साडेसात लिटरचं इंजिन. तेलाच्या भाववाढीचे दोन झटके बसल्यावर असला हत्ती पोसायला कोणी राजी नव्हतं, म्हणून तर माझ्या वाट्याला आला. रंग वाळलेल्या आमसुलाचा. गॅरेजमध्ये मावायची नाही. दार अर्धं उघडं आणि शेपूट बाहेर. सकाळी डिकीवर वीतभर बर्फ.

पुढची सीट दिवाणासारखी सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढे तिघं, मागे तिघं, असे आम्ही सहाजण शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर किराणा भरायला जायचो. पेट्रोलची वर्गणी निघायची. येताना डिकीत तूरडाळ, पोहे, पापड, आणि तरी एखादा माणूस आडवा होईल एवढी जागा. एकदा हिंगाच्या डबीचं झाकण मी नीट लावलं नाही. पुढचे कित्येक महिने काच खाली केली की सिग्नलला शेजारचे वळून बघायचे.

मुलगी झाली तेव्हा तिला हॉस्पिटलातून त्याच गाडीतून आणली. पुढे छोटी जपानी गाडी आली आणि हत्ती गेला. फोटो एकच उरलाय, त्यातही गाडी अर्धीच आलीय.

गेल्या वर्षी वुडवर्डवर तसलीच एक उभी दिसली. रंग मात्र पांढरा. जीटीओच्या मागे धावणारा मी तिथे थबकलो. बायकोने मालक आजोबांना डिकी उघडायला लावली, वाकून आत डोकं घातलं.

"नाही हो," ती म्हणाली, "आपली नाही."