तुम्ही विचारलंत म्हणून: साबेर की कोनोसेर?

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येणारी मुलं पहिल्याच महिन्यात हा प्रश्न विचारतात, त्यांचे आईबाबाही विचारतात. इंग्रजीत 'टू नो' हे एकच क्रियापद आहे, मग स्पॅनिशमध्ये दोन कशाला? आणि साबेर कुठे लावायचं, कोनोसेर कुठे?

माझं उत्तर ठरलेलं आहे. इंग्रजी बाजूला ठेवा आणि तेच वाक्य घरी आईशी कसं बोलाल ते आठवा. "सराफ्यात गराडू (तळलेल्या कंदाच्या फोडी) किती वाजेपर्यंत मिळतात, तुला माहीत आहे?" इथे साबेर. "त्या गराडूवाल्याला तू ओळखतेस?" इथे कोनोसेर. माहीत असणं आणि ओळखणं यांत आपली गल्लत सहसा होत नाही. एखादी गोष्ट करता येणं हेही साबेरच. 'से नादार' म्हणजे मला पोहता येतं.

गावांच्या बाबतीत मात्र जपून. "इंदूर माहीत आहे का?" असं आपण म्हणतो, म्हणून मुलं तिथे साबेर लावतात आणि चुकतात. स्पॅनिशमध्ये 'कोनोसेस इंदोर?' असंच विचारतात, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ "इंदूर पाहिलंयस का?" असा असतो. वहीत मी 'पाहिलंय' हाच शब्द लिहायला लावते.

भूतकाळाशी आलं की शिकवताना मला फार आनंद होतो. 'साबिआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसिआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. क्रियापद तेच, फक्त भूतकाळाचं रूप वेगळं. मी स्वतः हे इंग्रजीतून शिकले. तक्ता पाठ केला, तरी बोलताना दर वेळी अडायचे. एकदा जावेबद्दल सांगत होते. "आमची ओळख ग्वाल्हेरला एका लग्नात झाली," असं मनात मराठीत आलं आणि 'ला कोनोसी एन उना बोदा' हे न अडखळता तोंडातून निघालं. तेव्हापासून इंग्रजी शब्दकोश मी सगळ्यात शेवटी उघडते.

'आस्क'चंही तसंच. विचारणं म्हणजे प्रेगुन्तार, मागणं म्हणजे पेदीर. हॉटेलात पाणी मागायचं तर पेदीरच हवं. पण इथे आपली मराठीही फसवते बरं का. "पाहुण्यांना चहा विचार" या वाक्यात प्रश्न विचारण्यापेक्षा चहा देऊ करणं आहे, म्हणून तिथे ओफ्रेसेर. पाण्यात पोहतो तो मासा पेस, बाजारात येते ती मासळी पेस्कादो, हे तर सांगताक्षणी सगळ्यांना पटतं.

'कॉर्नर'लाही दोन शब्द आहेत. बाहेरून दिसतो तो कोपरा एस्किना, आतल्या बाजूचा रिंकोन. हे आज शिकवायचं म्हणून मी तयारी करून बसले होते. माझ्या एका विद्यार्थिनीनं आधीच वहीत एस्किनापुढे "राजवाड्याच्या कोपऱ्यावर" आणि रिंकोनपुढे "देवघराच्या कोपऱ्यात" असं लिहून आणलं होतं. 'वर' आणि 'त' या दोन्हींखाली तिनं लाल पेनानं रेघ ओढली होती.