तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत मरीन टँकला हीटर कुठला?

दिवाळी सरली की हा प्रश्न हमखास येतो. खाऱ्या पाण्याच्या टँकला हीटर कुठला घ्यावा, दगा न देणारा? त्याला जोडूनच, मुंबईत हीटर लागतो तरी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. उन्हाळ्यात लागत नाही, तेव्हा पाणी गार ठेवतानाच नाकी नऊ येतात. पण डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेचा पारा कधीकधी 16-17 अंशांवर येतो. आणि एसीला तर ऋतू नसतो. रात्रभर खोली 22 वर, दुपारी एसी बंद झाला की 30. बहुतेक समुद्री माशांना आणि कोरलना 25-26 अंश मानवतात. 24 किंवा 27 वर ठाम राहिलेलं पाणीही ते सोसतात, रोजची ही चढउतार नाही. वरून उघड्या टँकमध्ये बाष्पीभवनामुळे पाणी आणखी थोडं गार होतं.

आता मुख्य गोष्ट. हीटर बंद पडला तर मुंबईत मासे लगेच मरत नाहीत, पाणी सावकाश खोलीच्या तापमानाला येतं. चालूच राहिला तर मात्र टँक शिजतो. साध्या काचेच्या हीटरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. ती गरम झाली की वाकते आणि संपर्क तोडते. प्रत्येक वेळी तिथे बारीक ठिणगी उडते, आणि हजारो वेळा उडाली की टोकं एकमेकांना चिकटून बसतात. मग डायल कितीही खाली फिरवा, हीटर ऐकत नाही. त्यामुळे ‘कधीच न बिघडणारा’ हीटर शोधण्यात अर्थ नाही. बिघडला तरी टँक वाचेल असा हीटर शोधायचा.

म्हणून वॅट कमी घ्या. ‘लिटरला एक वॅट’ हा दुकानात सांगितला जाणारा हिशेब थंड देशांचा आहे. सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून 200 लिटर पाणी असेल, तर ते एक अंशाने चढवायला साधारण 232 वॅट-तास लागतात. 300 वॅटचा हीटर रात्री अकराला चिकटला तर तासाला सव्वा अंशाच्या वेगाने सुरुवात होते. हवेत जाणारी उष्णता वजा केली तरी सकाळी सातला पाणी 32-33 च्या पलीकडे गेलेलं असतं. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो, त्यामुळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तेच काम 50-50 वॅटच्या दोन हीटरना वाटून द्या. एक चिकटला तर रात्रीत दीड-दोन अंशांचा फरक, एक मेला तर दुसरा आहेच. मुंबईच्या थंडीला 200 लिटरमागे एवढे 100 वॅट पुरतात.

त्यावर पाण्याचं तापमान मोजून हीटर चालू-बंद करणारा वेगळा टेंपरेचर कंट्रोलर हवाच. एसटीसी-1000 हा कंट्रोलर स्वस्तात मिळतो, पण त्याचे वायर जोडायचे स्क्रू उघडे असतात. प्लास्टिकच्या पेटीत बसवून इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या, नाहीतर प्लग-सॉकेटसह तयार कंट्रोलर घ्या. एसटीसी-1000 च्या एफ-1 मध्ये (हवं ते तापमान) 25.5, एफ-2 मध्ये (किती उतरल्यावर लागायचं तो फरक) 0.5 भरा, म्हणजे हीटर 25 ला लागतो आणि 25.5 ला सुटतो. हीटरचा स्वतःचा डायल मात्र 27 वर ठेवा. कंट्रोलरचा रिलेही (आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटू शकतो. सेन्सर पाण्याबाहेर पडला तर तो खोलीची गार हवा मोजतो आणि हीटर चालूच ठेवतो. दोन्ही वेळी 27 चा डायल टँक वाचवतो.

काच की धातू? स्टीलचा हीटर मरीन टँकला नको, ‘स्टेनलेस’ असला तरी मिठाच्या पाण्यात त्यावर खड्डे पडतात. टायटॅनियम उत्तम, फुटत नाही आणि गंजत नाही, पण त्याला अर्थिंग हवंच. काचेचाही चालतो, तो नेमका पाणी बदलताना फुटतो. पाण्याची पातळी खाली जाते, उघडी पडलेली गरम नळी तापत राहते, मग वरून नवं पाणी पडतं आणि काच तडकते. म्हणून आधी प्लग काढा, वीस मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा. सम्पमध्ये हीटर रिटर्न पंपाच्या (पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवू नका. बाष्पीभवनाने घटतं ते त्याच कप्प्यातलं पाणी. स्किमरच्या (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यात पातळी स्थिर असते, हीटर तिथे लावा. नळीच्या आत दव दिसलं तर हीटर कचऱ्यात, वाळवून पुन्हा वापरायचा नाही.

विजेचं काम सर्वांत दुर्लक्षित. एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) विजेच्या गळतीवर पडत नाही, त्यासाठी 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लागते. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं, अर्थिंगचं भोक बरेचदा शोभेपुरतं असतं, ते तपासून घ्या. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल. एक्स्टेंशन बोर्ड सम्पच्या कपाटात ठेवू नका, तिथल्या दमट हवेत पिनांवर मीठ चढतं. पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन बंद करा, कारण नंतर शोधा.

क्रॉफर्ड मार्केटमधून आणा किंवा ऑनलाइन मागवा, नवा हीटर थेट टँकमध्ये टाकू नका. बादलीत वीस लिटर पाणी, छोटा पंप आणि काचेचा थर्मामीटर घेऊन चोवीस तास चालवा. मे महिन्यात पाणीच 29 चं असतं, 26 वर लावलेला हीटर लागणारच नाही आणि तुम्ही तो खराब समजून परत कराल. तेव्हा डायल 32 वर ठेवा. पाणी 32 च्या आसपास पोचून दिवा विझला, अंशभर उतरल्यावर पुन्हा लागला, तर हीटर ठीक.