कोरडं म्हटलं म्हणजे झालं असं नाही

निफाड, ११ ऑक्टोबर

नाशिक जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा अंदाज आला : पाच दिवस हवामान कोरडे. हस्त सरला, चित्रा लागली आणि वारंही फिरलं. चार महिने पश्चिमेकडून ओल घेऊन येणारं वारं आता पूर्वेकडून येतंय. ओठ फुटायला लागलेत, धुणं तासाभरात वाळतंय. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, म्हणजे यंदा सगळं वेळेवर म्हणायचं.

पण द्राक्षवाल्याला 'कोरडे' एवढ्यानं भागत नाही. आभाळ निरभ्र झालं की रात्री जमीन भराभर थंड होते आणि वारं पडलं की पहाटे पानापानावर दव. डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, पाऊसच लागतो असं थोडंच आहे? पान काही तास ओलं राहिलं तरी तिचं काम होतं. सप्टेंबरअखेर छाटलेल्या आमच्या बागेत आता दोन-तीन पानं उघडलीत; डाऊनीला हवीत ती हीच कोवळी पानं. म्हणून मी पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याचा आणि आर्द्रतेचा आकडा बघतो. रात्रभर झुळूक चालू राहिली तर दव धरत नाही. बातम्यांत मात्र ऑक्टोबर हीटचंच कौतुक.

आता गंमत अशी, की रात्री हवं असलेलं हेच वारं फवारणीच्या वेळी नको असतं. ब्लोअरचं, म्हणजे फवारणी यंत्राचं, निम्मं औषध शेजारच्या कांद्याच्या रोपावर जातं.

बांधापलीकडच्या काकांनी छाटणी अजून धरून ठेवलीय. रोज विचारतात, "काय म्हणतोय तुझा मोबाईल?" पाच दिवस कोरडं म्हटलं की हसतात. त्यांना २०१९ आठवतं. तेव्हाही मान्सून गेला म्हणून सगळे निर्धास्त होते आणि ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं. त्या पावसात फुलोऱ्यातले घड कुजले, गळले. छाटणीपासून फुलोरा पार पडेपर्यंत चाळीसेक दिवस जातात आणि अंदाज मिळतो पाच दिवसांचा. काकांचं चुकत नाही, पण उशिरा छाटलं की माल मार्चात येतो, तेव्हा सगळ्यांचाच आलेला असतो. मला तो जुगार जास्त महाग वाटतो.

उद्या पहाटे दव असेल तर आधी वेलींच्या तारा हलवून पानं झाडायची, मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारायचं. वारं साधारण नऊला उठतं, त्याआधी दोन्ही प्लॉट उरकले पाहिजेत. डिझेल आत्ताच भरून ठेवलंय.