तुम्ही विचारलंत म्हणून: डीएमईएम घेऊ की आरपीएमआय?

सेल कल्चर, म्हणजे शरीराबाहेर बाटलीत सेल्स (पेशी) वाढवणं, नव्यानं शिकणारं कोणीही भेटलं की हा प्रश्न येतोच (डीएमईएम आणि आरपीएमआय म्हणजे सेल्स ज्या पोषक द्रवात, मीडियात, वाढतात त्याचे दोन प्रकार), आणि त्याला जोडून, दोन्हीत साखर आणि मीठच तर आहे मग एवढं काय त्यात? सरळ उत्तर म्हणजे तुमची सेल लाइन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या वाढवत आणलेल्या एकाच प्रकारच्या सेल्स, ज्या मीडियात वाढत आलीय तोच घ्या. पण त्या "एवढं काय" वर मला बोलायचंय.

हॅरी ईगल या शास्त्रज्ञानं 1950च्या दशकात एकेक घटक काढून बघितला, कशावाचून सेल्स मरतात ते, आणि 1959 मध्ये मिनिमम इसेन्शियल मीडियम दिला: 13 अमिनो ॲसिड्स, 8 व्हिटॅमिन्स, ग्लुकोज, क्षार. त्यात टायरोसिन हे अमिनो ॲसिडही आहे बघा. आपल्याला ते जेवणातून नाही मिळालं तरी चालतं कारण लिव्हर बनवून देतं, पण बाटलीतल्या सेल्सना लिव्हर कुठून आणणार!

डुलबेको या शास्त्रज्ञांनी हीच अमिनो ॲसिड्स साधारण दुप्पट आणि व्हिटॅमिन्स चौपट केली, तो डीएमईएम (डुलबेकोंनी बदललेला ईगलचा मीडियम). ग्लुकोज आधी लिटरला 1 ग्रॅम होतं, म्हणजे उपाशीपोटी आपल्या रक्तात असतं तेवढंच, नंतर 4.5 ग्रॅमवालाही आला आणि आता बरेच जण न बघता तोच उचलतात. सेल्स नुसत्या वाढवायच्या असतील तर ठीक आहे, पण इन्सुलिनवर काम करायचं आणि सेल्स आटोक्याबाहेर गेलेल्या डायबेटिसच्या साखरेत ठेवायच्या हे मला पटत नाही.

आरपीएमआय 1640 रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी बनला. त्यात कॅल्शियम डीएमईएमच्या पावपटीहून कमी आणि फॉस्फेट कितीतरी जास्त, त्यामुळे तरंगत्या सेल्स एकमेकींना कमी चिकटतात. पीएच सांभाळणारं बायकार्बोनेट लिटरला 2 ग्रॅम, इनक्युबेटरच्या हवेत 5 टक्के सीओटू धरून. डीएमईएममध्ये 3.7 ग्रॅम आहे, ते 10 टक्क्यांसाठी, आणि आपण सगळे इनक्युबेटर 5 वर लावून बसतो, म्हणून ताज्या डीएमईएमचा पीएच वर जातो आणि त्यातला फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) जरा गुलाबीकडे झुकलेला दिसतो, घाबरू नका, सेल्स लॅक्टिक ॲसिड सोडायला लागल्या की पीएच खाली येतो.

ग्लुटामाइन हे अमिनो ॲसिड मात्र लेबलवर आहे म्हणून बाटलीत आहेच असं समजू नका, ते आपोआप तुटत जातं, त्यातून अमोनिया निघतो, 37 डिग्रीला तर पटापट. बाटली उघडल्याची तारीख टाका, नाहीतर अलॅनिल-ग्लुटामाइनवाला (ग्लुटामाइनचं न तुटणारं रूप असलेला) मीडिया घ्या, तो टिकतो.

आणि एवढं मिलिग्रॅममध्ये मोजूनमापून झालं की आपण वर 10 टक्के सीरम (जनावराच्या रक्तातला पेशी काढलेला द्रव) ओततो, ज्यात काय किती आहे ते कुठल्याच लेबलवर नीट लिहिलेलं नसतं! ग्रोथ फॅक्टर्स, अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, सेल्सना तळाला धरायला मदत करणारी प्रोटीन्स, सगळं लॉटप्रमाणे कमीजास्त. डीएमईएम की आरपीएमआय यावर जेवढा वेळ घालवता त्याच्या निम्मा तरी सीरमचे दोन-तीन लॉट मागवून आपल्याच सेल्सवर तपासण्यात घाला, आणि जो चालला त्याच्या जास्तीच्या बाटल्या आधीच बाजूला काढायला सांगा.