कोलोनच्या कॅथेड्रलमधला नकाशा

जर्मनीतल्या कोलोन स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, अंगावरच येतं. दोन मनोरे, उंची १५७ मीटर. बरेच प्रवासी फोटो काढतात, आत बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थींची सोन्याची पेटी बघतात आणि पुढची गाडी पकडतात. माझं सांगणं एवढंच, मुख्य वेदीमागच्या छोट्या चॅपलपाशी थांबा. तिथे या इमारतीचा जुना नकाशा आहे.

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ मारायची, चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची, यात नोकरी गेली. त्यामुळे गाईडबाईंनी पडदा सरकवला तेव्हा मी कठड्याला टेकून बघतच राहिलो. १२८०च्या आसपास चर्मपत्रावर काढलेला हा नकाशा चार मीटरहून उंच आहे. पश्चिमेची अख्खी दर्शनी बाजू, खिडक्यांच्या जाळीनक्षीसकट! चर्मपत्राचे तुकडे जोडलेत, पण सांध्यावरून जाताना रेघ कुठे हलत नाही. आणि मापाचा एकही आकडा नाही. त्या काळचे कारागीर प्रमाण कंपासने धरायचे, आकडे लिहीत नसत. असा हात मी कुठल्याही ऑफिसात पाहिला नाही.

पायाभरणी १२४८ची. सोळाव्या शतकात पैसा आटला, काम थांबलं आणि दक्षिण मनोऱ्याच्या अर्धवट बुंध्यावर लाकडी क्रेन तशीच राहिली. तीनशे वर्षं शहराच्या चित्रांत ती क्रेन दिसते. फ्रेंचांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नकाशाही गेला. पुढे १८१४ मध्ये त्याचा एक अर्धा भाग डार्मस्टाट गावात मिळाला, १८१६ मध्ये दुसरा पॅरिसात. दोन्ही भाग जुळले नसते तर हे मनोरे असे दिसलेच नसते, असं मला ठामपणे वाटतं. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, १८८० मध्ये संपलं. दर्शनी भाग जुन्या नकाशाबरहुकूम, छताचा सांगाडा मात्र लोखंडी! जुन्याचा मान राखायचा आणि आपल्या काळाचं तंत्रही वापरायचं, हे मला फार पटलं.

आपल्या व्हीटी स्टेशनचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, म्हणजे कोलोनचे मनोरे पुरे होत होते तेव्हाच. टोकदार कमानी दोन्हीकडे आहेत. रोजच्या लोकलने जाणाऱ्यांनी एकदा फलाटाबाहेर येऊन त्या नीट बघाव्यात.

चर्चचे स्वतःचे पाथरवट आजही आहेत. दगड झिजतो, काळा पडतो, म्हणून ते तुकडा तुकडा बदलत असतात. दक्षिण मनोरा चढायचा असेल तर ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वाटेत २४ टनांची घंटा लागते. गुडघे साथ देत असतील तर चढाच. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना आत फिरू देत नाहीत, म्हणून वेळ आधी बघून ठेवा.